भिजणे आणि झिजणे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या वयाच्या श्रोत्यांना कल्हईवाला नक्की आठवत असेल. दर दोन-तीन महिन्यांनी गल्लीत त्याची आरोळी यायची. वाड्याच्या अंगणात छोटा खड्डा करून तो भाता मांडायचा आणि घराघरांतली तांब्यापितळेची पातेली बाहेर यायची. पातेले चांगले तापले की त्यात नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उसळायचा, मग कथिलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एक फेर घ्यायचा. बघता बघता पातेले आतून चांदीसारखे लखलखायचे. मी एकदा त्याला विचारले, ''काका, नवसागर नाही टाकला तर?'' मोठा हौशी माणूस. त्याने एका जुन्या वाटीत करूनच दाखवले. कथिल वितळले, पण पसरले नाही. त्याच्या गोळ्या झाल्या आणि त्या वाटीच्या तळाशी इकडून तिकडे घरंगळत राहिल्या. ''धरत नाही बघ,'' तो म्हणाला.

पुढे मी धातुशास्त्र शिकले, अनेक वर्षे शिकवले, आणि त्या 'धरत नाही'पाशीच परत परत येत राहिले. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे तो विषय ऐकायला जरा रुक्ष वाटेल: वितळलेला धातू सिलिकॉन कार्बाइडला धरतो का, आणि धरताना त्याचे काय करतो. पण याच प्रश्नाने एका कारखानदाराचे, आणि त्याच्याबरोबर माझेही, एका पावसाळ्यात चांगलेच तोंड पोळले होते. ते सांगणारच आहे. आधी थोडी ओळख करून घेऊ.

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा बसतो, स्वच्छ काचेवर तोच थेंब पसरतो. पाणी तेच, पृष्ठभाग निराळा. थेंबाच्या कडेला, जिथे तो पृष्ठभागाला टेकतो, तिथे एक कोन तयार होतो. त्याला स्पर्शकोन म्हणतात. हा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी असेल तर द्रव पृष्ठभागाला 'भिजवतो' असे आपण म्हणतो, जास्त असेल तर भिजवत नाही. काचेवरच्या पाऱ्याचा कोन १४० अंशांच्या आसपास असतो, म्हणून पारा पळतो. टॉमस यंग या इंग्रज वैद्याने १८०५ साली हा हिशेब मांडला. द्रवाला स्वतःचीच ओढ किती आणि समोरच्या घन पृष्ठभागाची ओढ किती, या रस्सीखेचीतून हा कोन ठरतो.

कल्हईत काय घडते तेही आता कळेल. तांब्यावर ऑक्साइडचा मळ असतो, आणि कथिल त्या मळाला धरत नाही. नवसागर तो मळ खाऊन टाकतो. उघड्या तांब्यावर कथिल पसरते. एवढेच नव्हे, दोघांच्या शिवेवर तांबे आणि कथिल यांच्या संयुगाचा एक अतिशय पातळ थर तयार होतो. कल्हई पुसून निघत नाही ती त्यामुळे. शिवेवर थोडीशी रासायनिक क्रिया झाली, पण पातेले काही विरघळून गेले नाही. हे 'थोडीशी' लक्षात ठेवा.

आता सिलिकॉन कार्बाइड. हे नाव परके वाटले तरी वस्तू ओळखीची आहे. धार लावण्याचे काळे-हिरवे दगड, गाडी रंगवण्याआधी कारागीर घासतो तो काळा वॉटर पेपर, यांतले कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. बाजारातले जुने नाव कार्बोरंडम. त्याच्या नावाची गंमत अशी, की ते चुकीच्या समजुतीतून पडले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये एडवर्ड ॲचेसन हा संशोधक १८९१ मध्ये कृत्रिम हिरा बनवायच्या नादात होता. माती आणि कोकची पूड एकत्र करून त्यातून त्याने विजेचा मोठा प्रवाह सोडला. कार्बनच्या कांडीला चमकदार, अतिशय कठीण स्फटिक चिकटलेले मिळाले. त्याला वाटले, हे कार्बन आणि कुरुंद म्हणजे कोरंडम यांचे संयुग आहे, म्हणून 'कार्बोरंडम'. प्रत्यक्षात ते कार्बन आणि मातीतले सिलिकॉन यांचे संयुग होते. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळाले, आणि नाव तसेच राहिले.

हा पदार्थ हिऱ्याच्या कुळातला. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार कार्बन, प्रत्येक कार्बनभोवती चार सिलिकॉन, आणि सगळे एकमेकांना घट्ट धरून. उष्णता चांगली वाहून नेतो, तापवल्यावर फारसा प्रसरण पावत नाही, आम्लांना दाद देत नाही. मग भट्टीतल्या माणसाला तो आवडणारच. पितळ, तांबे, ॲल्युमिनिअम वितळवण्याच्या मुशींमध्ये ग्राफाइटबरोबर सिलिकॉन कार्बाइड असते. ॲल्युमिनिअम तयार करण्याच्या विद्युत-टाक्यांच्या भिंतींना सिलिकॉन कार्बाइडच्या विटा लावतात. इथे अपेक्षा अशी, की धातूने याला धरू नये. ओतणाऱ्याला मूस रिकामी झालेली हवी असते, आतून धातूचे अस्तर चढलेली नको असते.

पण दुसऱ्या एका माणसाला नेमके उलटे हवे असते. त्याला सिलिकॉन कार्बाइडचे दोन तुकडे धातूने जोडायचे असतात, किंवा त्याचे कण धातूत मिसळून हलका पण न झिजणारा पदार्थ बनवायचा असतो. त्याची विनवणी अशी की बाबा, धर. आणि इथेच या पदार्थाचा स्वभाव आडवा येतो. त्याचे अणू आपापसांत इतके गुंतलेले, की बाहेरच्या धातूला हात द्यायला ते सहजी तयार नसतात.

हे तपासायची रीत फार साधी आहे. सिलिकॉन कार्बाइडची आरशासारखी घासलेली चकती आडवी ठेवायची, तिच्यावर वाटाण्याएवढा धातूचा तुकडा, आणि हे सगळे निर्वात भट्टीत. भट्टीच्या खिडकीतून बाजूने फोटो काढत राहायचे. धातू वितळतो, थेंब होतो आणि पुढे तो काय करतो ते बघत बसायचे. मी असे शेकडो थेंब पाहिले. काही थेंब पहिल्या सेकंदाला जसे बसले तसेच तासाभरानेही. काही हळूहळू, पोळीवरच्या तुपासारखे पसरत गेलेले. आणि काही असे, की थंड झाल्यावर चकती कापून पाहिली तर थेंबाखाली खड्डा.

तांब्याचेच पाहा. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. सिलिकॉन कार्बाइडवर त्याचा थेंब गोळाच राहतो. आता आपण म्हणू, की दोघांत काही क्रियाच होत नसेल. पण कापून पाहिले तर क्रिया झालेली असते! तांब्याने चकतीतले थोडे सिलिकॉन स्वतःत विरघळवून घेतलेले असते, आणि ज्याचे सिलिकॉन गेले तो कार्बन ग्राफाइटच्या रूपाने शिवेवर मागे उरलेला असतो. आणि ग्राफाइटला तांबे मुळीच धरत नाही. म्हणजे तांब्याने आपल्याच हाताने आपल्या पायाखाली अळूचे पान अंथरले. आता याच तांब्यात आधीच पुरेसे सिलिकॉन मिसळून थेंब ठेवा. क्रिया थांबते, ग्राफाइट होत नाही, आणि थेंब पसरतो! क्रिया कमी केली तर भिजणे वाढले. विद्यार्थ्यांना हे पटायला वेळ लागायचा. मलाही लागला होता. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथे निकोलस युस्टाथोपुलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा थेंबांवर वर्षानुवर्षे काम केले. उच्च तापमानाला द्रव धातू घन पदार्थांना कसे भिजवतात, यावर १९९९ साली निघालेला त्यांचा ग्रंथ या विषयातल्या प्रत्येकाच्या टेबलावर असतो.

लोखंड तर याहून आक्रमक. वितळलेले लोखंड सिलिकॉन कार्बाइडला पोखरून काढते. सिलिकॉनही घेते, कार्बनही घेते. निकेल आणि कोबाल्ट त्याचेच भाऊबंद. म्हणून अशा मुशीत पोलाद वितळवत नाहीत. ओतशाळेवाले मात्र हुशार. बिडाच्या भट्टीत सिलिकॉन आणि कार्बन वाढवायचे असले की ते सिलिकॉन कार्बाइडचे खडे सरळ आत टाकतात. एकाची नासाडी ती दुसऱ्याची कृती.

आता ॲल्युमिनिअमकडे येते, आणि त्या पावसाळ्याकडेही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एमआयडीसीत ॲल्युमिनिअमचे ओतकाम करणारे एक छोटे कारखानदार माझ्याकडे सल्ल्याला येत. स्वतः भट्टीपाशी उभे राहणारे, शिकण्याची फार हौस. त्यांना एका यंत्रासाठी घर्षण सोसणाऱ्या पट्ट्यांचे काम मिळाले होते. ॲल्युमिनिअममध्ये सिलिकॉन कार्बाइडची पूड घोटून मिसळली तर पट्टी हलकी राहते आणि झिजतही नाही, हे त्यांनी वाचले होते. विजेच्या तारांचे भंगार स्वस्तात मिळाले होते, म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनिअम. पण पूड काही मिसळेना. सातशे-साडेसातशे अंशांवर कितीही ढवळले तरी ती वर तरंगायची, नाहीतर पुंजके करून बसायची. ''मॅडम, पीठ गाठी धरतंय,'' फोनवर ते म्हणाले.

याचे कारण मला ठाऊक होते. वितळलेल्या ॲल्युमिनिअमवर, दुधावर साय यावी तशी, ऑक्साइडची साय असते. कितीही काढा, क्षणात पुन्हा येते. ॲल्युमिनिअम पुडीला टेकतच नाही, मध्ये ही साय असते. नऊशे अंशांच्या वर, विशेषतः निर्वातात, ती साय फाटते आणि मग ॲल्युमिनिअम सिलिकॉन कार्बाइडला धरायला लागते. तेव्हा मी त्यांना सांगितले, तापमान वाढवा, नऊशेच्या वर न्या आणि जरा जास्त वेळ ढवळा. त्यांनी तसे केले. पूड मिसळली. पट्ट्या सुरेख निघाल्या, कठीणपणाच्या चाचणीत उतरल्या, मे महिन्यात माल गेला.

जुलैत फोन आला. पट्ट्यांवर फोड आले होते. कडांना पांढरट करडी पूड सुटत होती. गोदामात ठेवलेल्या, एकदाही न वापरलेल्या पट्ट्यांचीही तीच गत. सगळा माल परत आला. कामगारांचा दोन महिन्यांचा पगार त्या मालावर अवलंबून होता, हे मला नंतर कळले.

मी एक तुकडा कोमट पाण्यात टाकला. थोड्या वेळाने त्याच्या कडेने बारीक बुडबुडे येऊ लागले, आणि मी कपाळाला हात लावला. तो मिथेन वायू होता. झाले होते ते असे: तापमान वाढवल्यावर ॲल्युमिनिअमने सिलिकॉन कार्बाइडला नुसते धरले नाही, खाल्लेही. त्यातला कार्बन घेऊन ॲल्युमिनिअम कार्बाइड नावाचे संयुग बनवले आणि सिलिकॉन मोकळे सोडले. हे ॲल्युमिनिअम कार्बाइड ठिसूळ तर असतेच, पण त्याला पाणी अजिबात सोसत नाही. ओल लागली की ते मिथेन सोडते आणि त्याचे ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड होते. ते जास्त जागा व्यापते, म्हणून फोड. मार्चपासून मेपर्यंतच्या कोरड्या हवेत पट्ट्या ठणठणीत होत्या. पहिल्या पावसाची दमट हवा लागली आणि आतून फुटू लागल्या.

ही क्रिया मला माहीत नव्हती का? होती. पुस्तकात वाचली होती, वर्गात फळ्यावर लिहिलीही होती. पण फोनवर बोलताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त 'धरत नाही' होते. धरल्यानंतर पुढे काय, हा विचार मी केला नाही. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागले.

उपाय निघाला तो फार महागाचा नव्हता, हे अधिकच बोचणारे. ॲल्युमिनिअममध्ये आधीच भरपूर सिलिकॉन असेल तर ही क्रिया पुढे सरकत नाही. गच्च भरलेली एसटी फलाटावर आली तर थांब्यावरच्या माणसाला आत शिरता येत नाही ना, तसे. सिलिकॉन कार्बाइडमधून सुटणाऱ्या सिलिकॉनला द्रव धातूत जागाच उरत नाही, म्हणून ते सुटतच नाही. किती सिलिकॉन लागेल ते तापमानावर ठरते. ओतकामाच्या नेहमीच्या तापमानांना साधारण आठ-दहा टक्के, आणि भट्टी जितकी गरम तितके अधिक. एलएम-६ हा मिश्रधातू आपल्याकडच्या ओतशाळांत सर्रास वापरतात, त्यात दहा ते तेरा टक्के सिलिकॉन असते. तो त्यांच्याच कारखान्यात कोपऱ्यात रचून ठेवलेला होता! स्वस्त भंगाराचा मोह आणि माझा अर्धवट सल्ला, दोघांनी मिळून तो बाजूला ठेवला.

भिजण्याचा प्रश्न मग वेगळ्या वाटेने सोडवला. सिलिकॉन कार्बाइडची पूड आधी हवेत हजार-अकराशे अंशांवर भाजून घेतली. त्यामुळे प्रत्येक कणावर सिलिकाचे पातळ कवच चढते आणि आतला कण सुरक्षित राहतो. धातूत एक टक्क्याच्या आसपास मॅग्नेशिअम घातले. मॅग्नेशिअम त्या कवचाशी किंचित क्रिया करते, आणि तेवढ्याने धातू कणांना धरतो. तापमान पुन्हा साडेसातशेच्या खाली आणले. कल्हईतले 'थोडीशी' इथे पुन्हा भेटले.

सिलिकॉन कार्बाइडचा खरा मित्र म्हणाल तर तो सिलिकॉनच. १४१४ अंशांना वितळलेले सिलिकॉन त्याच्यावर छान पसरते, स्पर्शकोन चाळीस अंशांच्या आसपास. आणि ते त्याला खात नाही, कारण घेण्यासारखे काही उरलेलेच नसते. या मैत्रीचा उपयोग फार सुंदर केला आहे. सिलिकॉन कार्बाइडचे कण आणि कार्बनची पूड एकत्र दाबून हवी ती वस्तू घडवतात, आणि ती सच्छिद्र वस्तू वितळलेल्या सिलिकॉनला टेकवतात. समईच्या वातीत तेल चढावे तसे सिलिकॉन आपोआप आत चढते, वाटेतल्या कार्बनशी संयोग पावून त्याचेही सिलिकॉन कार्बाइड करते आणि कणाकणांना सांधते. वस्तू जवळजवळ आक्रसत नाही, घडवली त्याच मापाची निघते. उरलेल्या फटींत मोकळे सिलिकॉन राहते. गंमत म्हणजे सिलिकॉन पाण्यासारखेच गोठताना फुगते, त्यामुळे भट्टी थंड झाल्यावर वस्तूच्या अंगावर घाम फुटल्यासारखे सिलिकॉनचे मणी दिसतात. ते घासून काढायचे. पंपांची सील, भट्टीतल्या तुळया अशा वस्तू या पद्धतीने होतात. महागड्या मोटारींच्या सिरॅमिक ब्रेकच्या चकत्यांतही कार्बनच्या तंतूंमध्ये सिलिकॉन असेच जिरवलेले असते.

पण सिलिकॉनने जोडायचे म्हणजे चौदाशे अंशांची भट्टी हवी. दरवेळी ते परवडत नाही. मग टायटॅनिअमची मदत घेतात. ७२ भाग चांदी आणि २८ भाग तांबे यांचे मिश्रण ७८० अंशांनाच वितळते. पण सिलिकॉन कार्बाइडवर ते नुसते घरंगळते. त्यात दोन ते पाच टक्के टायटॅनिअम घाला. टायटॅनिअम शिवेवर धाव घेते, कार्बनशी टायटॅनिअम कार्बाइड आणि सिलिकॉनशी टायटॅनिअम सिलिसाइड बनवते. हा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ, पण धातूच्या स्वभावाचा. बाकीचा द्रव त्या थरावर आनंदाने पसरतो. टायटॅनिअमला हवेतल्या ऑक्सिजनची मोठी ओढ असल्यामुळे हे काम निर्वातात किंवा आर्गॉन वायूत करावे लागते. तिथे नवसागर चालत नाही.

जोड लागला म्हणजे संपले, असे मात्र नाही. खरी परीक्षा भट्टी थंड होताना असते. पोलाद सिलिकॉन कार्बाइडच्या अडीच-तीन पट आक्रसते. स्टेनलेस स्टील तर चौपट. जोड जितका घट्ट, तितका सिरॅमिकवर ताण जास्त, आणि सिरॅमिक लवत नाही, तडकते. भट्टीचे दार उघडायच्या आधीच आतून 'टक्' असा आवाज आला, की काय झाले ते आमच्या प्रयोगशाळेतला शिपाईसुद्धा सांगायचा. म्हणून दोघांच्या मध्ये तांब्यासारख्या मऊ धातूची चकती घालतात, ती स्वतः वाकून ताण सोसते. ही तडजोडच. आक्रसणे दोन्हीकडे सारखे असेल तर उत्तमच.

तसे सारखे असण्याचे सर्वांत देखणे उदाहरण आकाशात गेले. युरोपियन अवकाश संस्थेची हर्शल दुर्बीण मे २००९ मध्ये सोडली. तिचा मुख्य आरसा साडेतीन मीटर व्यासाचा, सिलिकॉन कार्बाइडचा. एवढी मोठी वस्तू एका तुकड्यात बनवणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून बारा पाकळ्या वेगवेगळ्या करून त्या वितळलेल्या मिश्रधातूने जोडल्या, आणि मग सगळा पृष्ठभाग घासून आरसा केला. अवकाशात तो उणे १९० अंशांच्या आसपास थंड झाला. बाराही पाकळ्या आणि त्यांचे सांधे एकसारखे आक्रसले नसते तर आरशाचा आकार बिघडला असता आणि दुर्बिणीला सगळे धूसर दिसले असते. एप्रिल २०१३ मध्ये थंडावा राखणारे हेलिअम संपेपर्यंत तिने काम केले. त्याच वर्षी डिसेंबरात गाया हे यान गेले. त्याच्या उपकरणांना धरून ठेवणारे सुमारे तीन मीटरचे कडे सिलिकॉन कार्बाइडच्या सतरा तुकड्यांचे, असेच जोडलेले. त्या कड्याने दोन दुर्बिणी जागच्या जागी धरून ठेवल्या, आणि गायाने जानेवारी २०२५ पर्यंत जवळजवळ दोनशे कोटी ताऱ्यांची स्थाने मोजली.

ते कारखानदार नंतर त्या पट्ट्या एलएम-६ मध्ये करू लागले, आणि पुढच्या पावसाळ्यात मी रोज त्यांच्या फोनची धास्ती घेऊन होते. फोन आला नाही. पहिल्या घाण्यातल्या दोन पट्ट्या मी ठेवून घेतल्या होत्या. एक काचेच्या बाटलीत, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून झाकण घट्ट लावलेली. ती अजून तशीच आहे, चकचकीत. दुसरी कपाटात उघडी ठेवली होती. गेल्या वर्षी कपाट आवरताना पाहिले, तर कागदाच्या पुडीत मूठभर करडी माती होती.